तेजराम मुकादमाचा महाप्रसाद

तेजराम मुकादमाला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या घरापुढच्या ओट्यावर, चिखलाचे पाय घेऊन उभा असलेला. ओटा नुकताच पुसला होता, म्हणून पहिल्याच भेटीत मी त्याला चांगलं झापलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरचं पोतं उतरवलं, कोपऱ्यातली बादली उचलली आणि आधी माझा ओटा धुतला, मग स्वतःचे पाय. मग म्हणाला, नवा चिन्नोर तांदूळ आहे बाई, साहेबाच्या घरी भात चांगला शिजला पाहिजे. मी पैसे द्यायला गेले तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच चिखल घेऊन आत आले.

साहेब म्हणजे आमचे हे. बालाघाटच्या पुठ्ठा मिलचे मॅनेजर. नाव मी घेत नाही. लोक त्यांना देवपुजारी साहेब म्हणत, तुम्हीही तेच म्हणा. मिलचं खरं नाव इंग्रजीत होतं, हातभर लांब. पण धानाच्या तणसापासून पुठ्ठा करायची मिल, म्हणून सगळ्या जिल्ह्याची ती पुठ्ठा मिल. तेजराम तिथल्या हमालांचा मुकादम. मूळचा खैरलांजीकडचा कुणब्याचा पोरगा, घरची जमीन भावांत वाटून उरली नाही तेव्हा रेल्वेच्या छोट्या लाइनच्या मालधक्क्यावर पोती उचलायला आला आणि मिल निघाली तसा आमच्याकडे लागला. उंच, हाडापेरानं मोठा, आणि बोलणं अगदी कमी. जड काही उचलायचं असलं की तोच एकदा हाळी देई आणि वीस माणसं एका दमात खांदा लावत. एरवी सकाळची पाळी सुरू होऊन संपेपर्यंत त्याचा आवाज ऐकू यायचा नाही.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढे अख्खं गाव त्याला विकला गेलेला माणूस म्हणालं, आणि काही दिवस मीही म्हणत होते.

मिल उभी केली ती शालिकरामनं. मी घेते त्याचं नाव, मला कोणाच्या बापाची भीती नाही. खैरलांजीकडचाच, जिल्ह्याचा पुढारी, मिलच्या बोर्डाचा उपाध्यक्ष. गोड बोलावं तर त्यानंच. बैलगाडीत उभा राहून गावोगावी भाषणं दिली, की तणस जाळू नका रे बाबांनो, त्याचं सोनं करू. लोकांनी शेअर घेतले. शिकलेल्यांनी घेतले, न शिकलेल्यांनी घेतले, विधवा बायांनी गळ्यातलं मोडून घेतले. मिल आमची आहे म्हणून लग्नातल्या पाहुण्यांना लांबून तिचं धुराडं दाखवत.

मग मोठा बॉयलर मागवायचं ठरलं. नवा. त्याचा व्यवहार शालिकरामनं आपल्या ओळखीच्या व्यापाऱ्याशी जमवला. आमच्या ह्यांना तो व्यापारी पहिल्यापासून आवडला नव्हता. त्यात माझ्या नणंदेचं लग्न नागपूरला ठरलं, आठवडाभर जायचं होतं. निघताना ह्यांनी तेजरामला फाटकावर बोलावून माझ्यासमोर सांगितलं, की बॉयलर आलाच तर रेल्वेच्या डब्यातच राहू दे, मी येऊन पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. तेजराम हौ म्हणाला. त्याचं हौ म्हणजे हौ असायचं.

आम्ही परत आलो तर बॉयलर मिलच्या आत, विटांच्या बैठकीवर चढवलेला, हिरव्या रंगानं चकाचक. बोर्डाचे लोक नारळ फोडून मोकळे झालेले. आमचे हे दोन दिवस जेवले नाहीत. रंगाखाली जुन्या झाळणीचे वळ हाताला लागत होते. कोणत्या तरी मिलनं फेकलेला बॉयलर रंगवून आमच्या गळ्यात मारला होता. ह्यांनी बोर्डापुढे सांगितलं तर शालिकराम हसला. म्हणाला, आता चढलाच आहे, चालवून तर पाहा.

चालवला. उन्हाळा संपता संपता तो फाटला. देवाची कृपा, की जेवणाची सुट्टी होती आणि दोनच माणसं भाजली, तीही वाचली. पण मिल बसली ती बसलीच. बँकेनं हात आखडला, तणसाचे ढीग कुजले, आणि एक दिवस फाटकाला कुलूप लागलं. कुलूप लागल्यावर मग खापर फोडायला डोकं शोधणं सुरू झालं.

शालिकरामनं जयस्तंभाजवळ सभा घेतली. मी घराच्या खिडकीतून भोंगा ऐकत होते. म्हणाला, आम्ही शेतकऱ्याची पोरं, आम्हाला यंत्रातलं काय कळतं, आम्ही शिकलेल्या साहेबावर विश्वास टाकला आणि साहेबानं व्यापाऱ्याशी हातमिळवणी करून जुनं भंगार आत घेतलं. लोक ओरडले. संध्याकाळी आमच्या दारावर दगड आले. दूधवाला येईनासा झाला. किराणावाल्या शेठानं, ज्याच्या पोरीला मी भरतकाम शिकवलं होतं, मला उभं ठेवून मागच्या बाईला आधी माल दिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि आमचे हे मात्र खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत राहायचे. तो राग वेगळाच.

तेवढ्यात भोपाळचं सरकार बदललं. शालिकरामचे लोक बाहेर, विरोधातले आत. इथं बालाघाटात दुलीचंद म्हणून त्याचा जुना वैरी होता, त्याला तोंड फुटलं. चौकशी बसवा, चौकशी बसवा. बसली. भोपाळहून एक मोठे अधिकारी आले, सर्किट हाऊसमध्ये सुनावणी सुरू झाली. आम्हाला वाटलं, सुटलो. कशाचं काय! सगळी चौकशी एकाच प्रश्नावर येऊन अडकली: साहेब गावात नसताना बॉयलर डब्यातून उतरवून आत घ्यायला कोणी सांगितलं? कागद नव्हताच कुठे. सगळं तोंडी. सांगितलं ते तीन माणसांना: मुकादम तेजरामला, फाटकावरच्या चौकीदार फकिराला, आणि ज्याच्या ट्रकवर बॉयलर मालधक्क्यावरून मिलमध्ये आला त्या प्रेमलाल ठेकेदाराला. या तिघांपैकी एकानं जरी सांगणाऱ्याचं नाव घेतलं असतं तरी प्रश्न मिटत होता.

फकिरा म्हणाला, वरून हुकूम होता. प्रेमलाल म्हणाला, वरून हुकूम होता. वरून म्हणजे कोण, तर गप्प. मिलमध्ये वर कोण? मॅनेजर. मग तेजराम उभा राहिला. त्याला विचारलं, साहेबानं सांगितलं का? तो म्हणाला, नाही, साहेबानं नाही सांगितलं, साहेबानं तर मना केलं होतं. माझ्या जिवात जीव आला. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, तर मग कोणी सांगितलं? आणि तेजरामची दातखीळ बसली. पुन्हा विचारलं, दरडावून विचारलं, खोटी साक्ष दिली तर तुरुंगात जाशील म्हणून सांगितलं. तो छताच्या पंख्याकडे पाहत उभा.

झालं ते उलटंच झालं. अधिकाऱ्यांनी हेच धरलं, की हा मुकादम आपल्या साहेबाला वाचवायला खोटं बोलतो आहे, नाहीतर दुसऱ्याचं नाव सांगायला याला काय अडलं? आमच्या वकिलांनी घरी येऊन सांगितलं, पुढल्या सोमवारी तेजरामला शेवटचं विचारतील. त्यानंतर देवपुजारी साहेबांवर फौजदारी होईल आणि अटक टळायची नाही. हे नुसते बरं म्हणाले. मी आत जाऊन भिंतीवर हात आपटला.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि तेजरामच्या घरी गेले. रेल्वेच्या पलीकडे, हमालांच्या वस्तीत. तो घरी नव्हता. त्याची बायको शेवंताबाई धान पाखडत होती. मी बसलेच नाही. उभ्यानंच बोलले, की तुझ्या नवऱ्यानं किती घेतले ते सांग, मी माझ्या बांगड्या विकून त्याच्यावर एक जास्त देते. शेवंताबाईनं सूप खाली ठेवलं. रडली नाही, चिडली नाही. आत जाऊन माझ्यासाठी पाट आणला, पाणी आणलं, आणि समोर उकिडवी बसली.

तिनं जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही नोकरीपेशातली माणसं, शहरात वाढलेली. पण त्यांच्याकडे, छत्तीसगडच्या वाऱ्यानं आलेली म्हणा, एक रीत होती. दोन जिवलग दोस्त जगन्नाथपुरीहून आलेल्या वाळलेल्या भाताची चिमूट एकमेकांच्या तोंडात घालतात, नारळ बदलतात, आणि त्या दिवसापासून ते एकमेकांचे महाप्रसाद. सख्ख्या भावाहून वर. भेटले की सीताराम महाप्रसाद म्हणायचं. त्याच्या घरच्या सुतकात आपण बसायचं. आणि त्याचं नाव जन्मात तोंडावर आणायचं नाही, त्याच्याविरुद्ध कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. तेजराम बारा-तेरा वर्षांचा असताना वैनगंगेच्या पुरात सापडला होता, त्याला शालिकरामनं केस धरून ओढून काढलं. दोघांच्या आयांनी त्याच वर्षी गावच्या मारुतीसमोर त्यांना महाप्रसाद केलं होतं.

बॉयलरचा डबा लागला त्या सकाळी शालिकराम जीप घेऊन मालधक्क्यावर आला. महाप्रसाद, नागपूरहून साहेबाचा निरोप आला आहे, उतरवून घ्या म्हणतात, असं म्हणाला. महाप्रसादाच्या शब्दावर कोणी शंका घेतो का? तेजरामनं हाळी दिली.

"मग बाई, नाव नको घेऊ म्हणावं," मी म्हटलं, "नुसतं बोट दाखव म्हणावं. उपाध्यक्ष म्हणावं. एवढ्यानंही भागतं."

"बोट दाखवनं तं नाव घेण्यापरीस वाईट," शेवंताबाई म्हणाली. "बाई, तुमी आल्यापासून साहेब, हे, आमचे हे करून राह्यल्या. तुमी तं शिकलेल्या. घ्या पाहू साहेबाचं नाव. इथं मी एकलीच हाव."

माझं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मेली जीभ वळेचना. नवरा तुरुंगात जाण्याच्या दारात उभा, समोर कोणी नाही, आणि मी गोरीमोरी होऊन पाटावर बसलेली. शेवंताबाईनं पुन्हा सूप उचललं. म्हणाली, त्यायले झोप नाई बाई, साहेबाच्या नावानं उठतेत आन महाप्रसादाच्या नावानं बसतेत. आता मी आणखी काय करू?

मी रिक्षात बसले आणि रेल्वे फाटकापर्यंत रागानं रडले. पण विकला गेला हे मात्र मनातून गेलं.

तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. दुलीचंद दोनदा तेजरामकडे जाऊन आला. त्याला आमच्या ह्यांची काही पडली नव्हती, त्याला शालिकराम हवा होता. सरकारी गोदामात मुकादमी देतो म्हणाला, पोराला शिपाई लावतो म्हणाला. तेजरामनं त्याला बसायला खाट दिली आणि सांगितलं, की शेठजी, बोलायचं असतं तर फुकट बोललो असतो. मग दुलीचंदाच्या माणसांनी बाजारात उठवलं, की तेजरामनं शालिकरामचा पैसा खाल्ला. शालिकरामच्या माणसांनी उठवलं, की तेजराम दुलीचंदाचा झाला. दोन्हीकडून शिव्या त्यालाच. मालधक्क्यावरच्या हमालांनी त्याच्या हाळीवर खांदा लावणं सोडलं. ज्यांचे शेअर बुडाले होते तेच ते हमाल.

शनिवारी तो आमच्याकडे आला. पाय धुऊन आला. ओट्याच्या खालच्या पायरीवरच बसला, वर काही केल्या येईना. आमचे हे बाहेर जाऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसले. तेजराम म्हणाला, साहेब, त्यालेही कोनी खोटं सांगतलं असंन. नाईतर माह्या महाप्रसादानं मले असं नसतं केलं. हे म्हणाले, असेल बाबा. मी दाराआड उभी होते. मला वाटलं दोघांनाही हलवून हलवून जागं करावं. एकाला अटक होणार, दुसऱ्यानं ती थांबवायची, आणि दोघं मिळून त्या लबाडासाठी कारणं शोधत बसलेले!

सोमवारी सर्किट हाऊसच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खेड्यांतून लोक आले होते, शेअरवाले. आमच्याकडे पाहून कोणी थुंकलंसुद्धा. फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती आणि ती कोणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी ह्यांच्यासाठी पिशवीत सदरा, टॉवेल आणि पोटदुखीचं चूर्ण घालून आणलं होतं. ती पिशवी हातात धरून मी खांबाला टेकून उभी. साक्षीदारांच्या बाकावर तेजराम, फकिरा, प्रेमलाल ओळीनं बसलेले. तेजरामनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

तेवढ्यात शालिकराम आला. पांढराशुभ्र, मागे पाच-पंचवीस माणसं. गर्दीनं वाट दिली. तो बाकाकडे वळला तसा चौकीदार फकिरा धडपडून उठला. बिचारा भित्रा माणूस, रीतीप्रमाणे हात जोडले आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं, सीताराम महाप्रसाद. शालिकरामनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फकिरा उठला म्हणून प्रेमलालही उठला, आणि त्याच्याही तोंडून तेच, सीताराम महाप्रसाद.

माझं लक्ष तेजरामकडे होतं. तो उठला नव्हता. तो फकिराकडे पाहत होता, मग प्रेमलालकडे, मग पुन्हा फकिराकडे. अगदी हळू आवाजात त्यानं फकिराला विचारलं, की तुझा महाप्रसाद कधी झाला? फकिरा घाबरला. म्हणाला, बॉयलर आला ना गा, त्याच्या दोन दिवस आंधी, महाप्रसादाच्या बंगल्यावर. प्रेमलालभाऊचा बी तवाच.

एवढंच. पण ते ऐकताना तेजरामच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला आजही दिसतं. व्हरांड्यातल्या दुसऱ्या कोणाला काही कळलं नसेल, पण मला शेवंताबाईनं सांगितलेलं सगळं ठाऊक होतं, म्हणून मला लख्ख कळलं. बॉयलर यायच्या आधीच शालिकरामला माहीत होतं की एक दिवस चौकशी होईल. ज्या ज्या माणसाच्या हातून तो बॉयलर आत जाणार होता, त्याच्या त्याच्या तोंडात त्यानं आधी भाताची चिमूट घातली. तेजरामच्या तोंडात नव्यानं घालायची गरज नव्हती. ती तीस वर्षांपूर्वी दोन आयांनी मारुतीसमोर घातलेली होतीच.

शालिकराम आता तेजरामसमोर आला. दोन्ही हात पसरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "सीताराम महाप्रसाद!"

तेजराम उठला. उंच माणूस, उठला तसा शालिकरामपेक्षा वीतभर वर गेला. हात जोडले नाहीत. मग माल उचलताना हाळी द्यायचा त्या आवाजात तो म्हणाला, "शालिकराम."

खेड्यांतून आलेल्यांना त्याचा अर्थ कळला होता. एका म्हातारीनं पदर तोंडावर घेतला. फकिरा खालीच बसला.

"शालिकराम," तेजराम पुन्हा म्हणाला, "तूनं मले सांगतलं, साहेबाचा निरोप आला. आलता का निरोप?"

"महाप्रसाद, लोक पाहून राह्यले," शालिकराम दबक्या आवाजात म्हणाला.

"पाहू दे."

शिपायानं पुकारा केला. तेजराम आत गेला. दार उघडंच होतं, मी पिशवी घेऊन दारापर्यंत गेले, कोणी अडवलं नाही. त्याला तोच प्रश्न विचारला. त्यानं सगळं सांगितलं. जीप कुठे उभी होती, तो काय बोलला, कोणत्या शब्दात बोलला. नाव घ्यायची वेळ आली की दर वेळी थोडा थांबायचा आणि घ्यायचा. त्याची साक्ष संपल्यावर फकिराला पुन्हा बोलावलं. फकिरा रडत रडत बोलला, पण बोलला. प्रेमलालनं मग उगाच ताणलं नाही. दुपारी फाटकावरची पोलिसांची गाडी रिकामीच निघून गेली. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि ती पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून हुंदके देऊन रडले. लोक पाहतात की नाही याची मला शुद्ध नव्हती.

पुढचं सांगायला मला राग येतो, म्हणून लवकर सांगते. आमचे हे निर्दोष ठरले, पुढे भंडाऱ्याला नोकरी लागली, काही वर्षांनी आम्ही परत बालाघाटात घर केलं. मिल उघडली नाही. शेअरवाल्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. चौकशीचा अहवाल भोपाळला कोणत्या कपाटात गेला देव जाणे, कारण सरकार पुन्हा बदललं. शालिकरामनं पक्ष बदलला, बाहत्तर साली तो पुन्हा मोठ्या गाडीत होता. एका लग्नात मी त्याला आणि दुलीचंदाला एकाच पंगतीला शेजारी शेजारी पाहिलं, एक दुसऱ्याला आग्रहानं जिलबी वाढत होता. मी न जेवता उठून आले. यजमानांना काय वाटायचं ते वाटो.

आणि तेजराम? ज्या माणसानं खरं बोलून आम्हाला वाचवलं, त्याला गावानं काय दिलं? खैरलांजीकडे त्याच्या गावात त्याच्या हातचं पाणी घेईनात. महाप्रसाद मोडला म्हणून. लबाडी करणाऱ्याला पंगतीत पहिलं पान आणि मोडणारा वाळीत, असा यांचा न्याय! तेजराम त्याबद्दल कधी बोलला नाही. मी बोलायची, भांडायची, तर तो म्हणायचा, बाई, त्यायचं चूक नाई, मोडला तं मोडलाच ना. पुन्हा मालधक्क्यावर पोती उचलू लागला. हमाल त्याच्या हाळीवर परत खांदा लावू लागले, तेवढं मात्र झालं. दर दिवाळीला चिन्नोर घेऊन यायचा, पाय धुऊन. शहात्तर साली गेला. शेवंताबाई आहे अजून.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारच्या संध्याकाळचं. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, तेजरामकडे जाऊ या, साक्ष संपल्यावर तो कोणाशी न बोलता निघून गेला. आम्ही रिक्षा केली. शेवंताबाई दारात उभी होती, चूल थंड. म्हणाली, घाटावर गेलेत.

वैनगंगेला पाणी कमी होतं. ऊन उतरलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर एकच माणूस बसलेला, उघड्या अंगानं, डोकं पुढे केलेलं, आणि त्याच्यासमोर महागू न्हावी वस्तरा पाजळत होता. आम्ही दोन पायऱ्या वर थांबलो. मला वाटलं, बाप्पा, याच्या घरी काय झालं, शेवंताबाई तर काही बोलली नाही.

महागूलाही तेच वाटलं असावं. सर्किट हाऊसमधलं त्याच्यापर्यंत अजून पोचलं नव्हतं. त्यानं तेजरामच्या केसांवर पाणी शिंपडलं आणि नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "कोन गेलं गा, तेजराम?"

तेजरामनं नदीकडे पाहिलं. सकाळपासून त्या माणसानं ते नाव इतक्या वेळा घेतलं होतं, लोकांसमोर, अधिकाऱ्यांसमोर, मोठ्या आवाजात. आता तिथं आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं.

"माहा महाप्रसाद," तो म्हणाला.

महागूनं मान हलवली आणि वस्तरा लावला. आमच्या ह्यांनी चपला काढल्या, खाली गेले आणि भाऊबंद बसतात तसे त्याच्या मागच्या पायरीवर बसले. मी उभीच राहिले.